अकरा हजार फुलं कमी

माघात एके सकाळी गोदावरी कळशी घेऊन परसात आली आणि जागीच थबकली. मोगऱ्याच्या झुडपावर एक पान उरलं नव्हतं. खाली हिरवा सडा, आणि त्यात उकिडवे बसून तिचे वडील, येसाजीराव, निवांत पाला पाटीत भरत होते.

"अप्पा, काय केलंत हे!"

"पानं ओरबाडली. तुझी अव्वा दर वर्षी करायची. मी पाटी धरायचो."

"अय्यो, आठ महिने पाणी घालून जपलं मी ते!"

"म्हणून तर नुसता पाला माजला. सुखातली मल्लिगे फुलत नाही, गोदा. आता पंधरा दिवस थेंब घालायचा नाही."

दहा वर्षांमागे त्यांच्या नजरबाद मोहल्ल्यात प्लेग शिरला, तेव्हा गोदावरीच्या काखेत गाठ आली होती. तिच्या अव्वानं, आईनं, देवीला लाख फुलांची लाखोली बोलली. फुलं परसातल्या झुडपाचीच. पोरगी वाचली. आई दर उन्हाळ्यात फुलं मोजून वाहत राहिली आणि गेल्या ज्येष्ठात दोन दिवसांच्या तापानं गेली. अकरा हजार राहिली. वर्षश्राद्धाच्या आत नवस फेडा, असं भटजी म्हणाले होते. आपल्याच जिवासाठी बोललेला नवस अर्धवट टाकून आईला निरोप द्यायचा, हे गोदावरीला सोसणारं नव्हतं.

समाचाराला येणारी प्रत्येक बाई "देवाची इच्छा" म्हणे आणि कॉफी पिऊन जाई. गोदावरी मनात म्हणे, त्या इच्छेला अकरा हजार फुलांपुरता दम निघाला नाही?

पंधरा दिवस ती सकाळी त्या काड्यांपुढे उभी राही.

"सरपण झालं की सांगा, अप्पा. बंबात घालते."

"सुम्मने बस गे, उगी. झाडाचं काम झाडाला करू दे."

"आणि नाही केलं तर?"

"तर नाही केलं. त्याला काय कोर्टात ओढणार आहेस?"

सोळाव्या दिवशी येसाजीरावांनी स्वतः पाणी सोडलं. चैत्रात काड्यांना कळ्या फुटल्या, पानांआधी कळ्या. वैशाखात रोज टोपली भरू लागली. गोदावरी पहाटे तोडी, मोजी, वाही. मग ज्येष्ठ लागला आणि बहर ओसरला. श्राद्धाच्या आदल्या दिवशी हिशेब झाला तो सात हजारांचा.

"चार हजार कमी," ती तडकून म्हणाली. "आता?"

"पुढच्या उन्हाळ्यात."

"भटजी वर्षाच्या आत म्हणाले होते!"

"भटजींनी लावलीय का ही मल्लिगे?"

तिला हसू आलं, त्याचाही राग आला. ती तरातरा देवघरात गेली, शेवटची ओंजळ देवीच्या पायांवर वाहिली आणि हात न जोडताच बोलली,

"चार हजार राहिलीत. मी वाट पाहिली. आता तू पाहा."

मग मात्र तिनं हात जोडले.