सांध्यातला रंग

"माळा कुरकुरतोय" असा निरोप दोनदा आला, तेव्हा महावीर अण्णा इचलकरंजीला निघाले. मंगळवार पेठेतल्या खोलीत बसून त्यांनी जन्मभर लोखंडी शेडचे नकाशे काढले. पुस्तकात रमणारा माणूस. चारचौघांत बोलायची वेळ आली की चष्मा पुसत बसायचा.

शेडमध्ये बारा माग धडधडत होते. त्यांच्या डोक्यावर सुताच्या पोत्यांनी भरलेला माळा. अण्णांच्या नकाशावरून तो उभारणारा उचगावचा पिराजी शिडी धरून ओरडला, "बघा की अण्णा, कसा चकाकतोय! खंडेनवमीला सगळं सामान मांडून रंगाचे तीन हात मारलं. हळदकुंकू वाहिलं, मगच हिकडं आणून जोडलं."

अण्णा वर चढले. पाना लावण्याआधी त्यांनी नटाला सहज बोट लावलं.

नट फिरला.

दुसऱ्याला लावलं. तोही फिरला. तिसरा तर हातातच आला.

"पिराजी, दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, तिथं आतूनही रंग दिलास?"

"व्हय तर! भायेरनं चकचकीत आन् आतनं गंजकं, असली पूजा आमच्यात न्हाय."

अण्णांनी हातातला नट मुठीत घट्ट धरला. आवळलेल्या बोल्टनं दोन पट्ट्या एकमेकींवर घट्ट दाबून धरायच्या. माळ्याचं वजन त्या पकडीवरच. मध्ये जाड रंग आला की तो दबत जातो आणि बोल्ट सैल पडतो. त्यात खाली मागांचे हादरे. म्हणून तेवढी जागा कोरी सोडायची असते.

"रंग नको म्हणून नकाशात तिथं तिरक्या रेघा होत्या रे."

"दिसल्या की. म्हटलं, नकाशात रेघा असत्यातच."

नकाशा काढताना 'इथे रंग नको' हे तीन शब्द लिहायला अण्णांनी पेन्सिल टेकवली होती. मग वाटलं, तीस वर्षं लोखंडात काढलेल्या माणसाला आपण कोण शिकवणार? त्याला राग आला तर? पेन्सिल उचलली होती.

त्यांनी खाली पाहिलं. बरोबर त्या सांध्याखाली चिमणाबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिच्या केसांतला भांग वरून स्पष्ट दिसत होता.

"माग बंद करा!"

हा आवाज आपलाच, हे त्यांना क्षणभर कळलंच नाही. "बाहेर व्हा! सगळे बाहेर!"

एकेक माग थांबला. शांततेत माळा कुरकुरला, तो या वेळी सगळ्यांनी ऐकला. बायाबाप्ये पळाले. पिराजीचा चेहरा पांढराफटक पडला. "अण्णा... माझ्या हातनं हे..."

"माझ्या हातून. मी लिहिलं नाही. जा, टेकू आण. पोती नंतर उतरवू."

दाराबाहेर चिमणाबाईनं विचारलं, "अण्णा, सांजच्याला चालू व्हतील न्हवं माग? पाळीची मजुरी बुडंल की."

अण्णांचा हात सवयीनं चष्म्याकडे गेला. मुठीत अजून तो नट होता.

"नाही," ते तिच्याकडे बघत म्हणाले. "सगळे सांधे खोलून, आतला रंग खरवडून पुन्हा आवळेपर्यंत कुणी आत जायचं नाही."