केळीला पाजलेलं पाणी

आवडाबाईने कळशी केळीच्या बुंध्यात रिती केली आणि मागे वळून पाहिले. सासरे, येसाजी, ओटीवर पाय चेपीत बसले होते. डोंगरापलीकडच्या ऊन पाण्याच्या कुंडावरून म्हाताऱ्याने ती कळशी खांद्यावर वाहून आणली होती, आणि सून ते पाणी केळीला पाजत होती. पापच म्हणायचे, दुसरे काय!

तिची आधीची मुले पाळण्यातच गेली होती. मैना झाली तेव्हा येसाजींनी कुंडाला नवस बोलला: पोर जगली तर तुझ्याच पाण्यावर वाढवीन. पोर जगली आणि म्हातारा शब्दाला जागला. पण मैनेला सारखी गळवे उठत, ती चिघळत, तापाने पोर फणफणे. दुधाचे दात पडून नवे आले, तेही तपकिरी पट्टे घेऊनच.

बोर्लीच्या डॉक्टरांनी तिचे तोंड उघडून पाहिले होते.

"हे डाग पाण्यातल्या फ्लोराइडचे. रोगाशी झुंजायची ताकदही त्यानं खचत असावी, असं मला वाटतं. खात्रीनं अजून कुणी सांगत नाही. पण पाणी बदला."

पाणी बदलायचे म्हणजे नवस मोडायचा. सासऱ्यांना सांगायची आवडाबाईची छाती होईना. घरची विहीर मचूळ. गोडे पाणी होते ते शेजारच्या नजमुद्दीनच्या वाडीत, आणि तिथले पाणी या घरात कधी कुणी प्यायले नव्हते. रिती कळशी पदराआड धरून ती तिथे गेली.

"चोरून कशाला येतेस गो?" नजमुद्दीनची बायको सुगरा हसली. "पानी हाय, सोनं न्हाय."

पावसाळा सरेपर्यंत गळवे सुकली. मैना माडांतून हुंदडू लागली. आवडाबाईला आनंद मावेना आणि धाकधूकही जाईना, कारण पोर कुंडानेच बरी केली असे समजून म्हातारा आता तिथे नारळ वाहायला निघणार होता.

एका सकाळी येसाजी नारळ घेऊन निघालेच. पण डोंगराची वाट सोडून ते कुंपणापलीकडे गेले, सुगराच्या विहिरीपाशी थांबले आणि त्यांनी हात जोडले. आवडाबाई धावत मागे गेली.

"मामंजी, तुमाला ठावं हुतं?"

"कुंडाच्या पान्याला गंधकाचा वास येतो, घरातल्या पान्याला येईनासा झाला. म्हातारा झालो तरी नाक हाय मला."

"मंग बोललात का न्हाय?"

"बोललो आस्तो तं तुला आडवावं लागलं आस्तं."

सुगरा डोक्यावरची ओढणी सावरीत बाहेर आली होती.

"काका, आमच्या हिरीला आजवर कुनी नारळ दिला न्हाय."

येसाजींनी कठड्यावर नारळ फोडला आणि पहिली भकल तिच्या हातावर ठेवली.

"मला नात दिली तिनं," ते म्हणाले.