पडलेला वारा

निंबाने काय कमी काळजी घेतली होती? कापूस वेचून झाला, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून वावरात ढीग लावला, आता पेटवायचंच काय ते राहिलं होतं. पण बांधाला लागून भिकुबाई अक्काचा हरभरा वाळून कडकडीत उभा. म्हातारीने बजावलंच होतं, "वारा पडना म्हंजेच पेटाड रे निंबा. ठिणगी उडनी तर मना बठ्ठा हरभरा जाई."

चार दिवस तो वारा पडायची वाट बघत थांबला. पाचव्या दिवशी, दिवस कलता कलता, बाभळीचं पान हलेना. म्हटलं, हीच वेळ. पाण्याचा ड्रम भरून ठेवला, ओलं पोतं खांद्यावर टाकलं आणि काडी लावली. एक ठिणगी बांधापलीकडे जाऊ दिली नाही पठ्ठ्याने! घरी येताना छाती फुगली होती त्याची.

जेवताना मात्र खोकला आला. बाहेर पाहतो तर काय, धूर वर जायचं नाव घेईना, नाल्याकाठच्या खोलगट जागेकडे सरकत चाललेला. तिथेच अक्काचं घर. निंबाला ते दिसलं, अगदी नीट दिसलं. 'सकाळपर्यंत विरेल,' म्हणत गड्याने आपली खिडकी तेवढी लावून घेतली.

सकाळी अक्काची सून दिपमाला धावत आली. "निंबाभाऊ, गाडी काढा! अक्काले दम लागी राहिना!"

जळगावच्या दवाखान्यात अक्काच्या नाकाला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थंडीत वारा पडला की गार हवा जमिनीला चिकटून बसते. धुराला वर जायला वाटच राहत नाही, मग तो सखल जागी साचतो. भरदुपारी पेटवलं असतं तर एवढा तरी साचला नसता. कोणी जाळलं हो हे?"

निंबाने नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे वळवली. उत्तर दिपमालानेच दिलं, "त्यांनी वारा बघूनच पेटवलं होतं, मॅडम. अक्कानंच सांगितलं होतं तसं." तिने त्याच्या चुकीवर पांघरूण घातलं आणि निंबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारनंतर अक्का जरा सावरली. मास्क खाली करून तिने पहिलं काय विचारावं?

"हरभरा शे ना रे?"

"शे अक्का, बठ्ठा शे."

"भलं होवो तुन्हं. कितली काळजी लिधी तू."

आता मात्र त्याला राहवेना. "अक्का, धूर तुन्हा घरकडे जाताना माले दिखना व्हता. मी मन्ही खिडकी लाई लिधी."

अक्का रागावली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी रातभर वावरकडलं दार उघडंच ठेयेल व्हतं रे भाऊ," ती म्हणाली. "ठिणगी उडनी तर दिखाले जोयजे ना."