चाकातले ठोके

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, आणि मी रागावलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना उसासे टाकावेत, अशी तुमची अपेक्षा असते. ते माझ्याच्याने होणार नाही. आधी सगळं ऐकून घ्या आणि मग ठरवा, माझा राग खरा की खोटा.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. तिथल्या एका शिक्षकांनी मला काही वर्षं जपून वापरलं. पुढे जहाजात बसून मी न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आले. इथे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला डोंगर आहेत, आणि मधून जाणाऱ्या एकुलत्या एका रस्त्यावर ओंडक्यांनी भरलेले ट्रक धावतात. पाऊस झाला की रस्ता खचतो. मग माणसं येऊन खड्ड्यात खडी ओततात, ट्रक ती खडी उडवून लावतात आणि खड्डा पुन्हा तोंड वासून बसतो. या रस्त्याबद्दल बोलायला लागले तर माझी कहाणी तिथेच संपेल.

मला विकत घेतलं हेराइनाबाईंनी. त्या सुईण आहेत. उंच, दणकट, आणि हसल्या की कुंपणावरचे पक्षी उडावेत असा आवाज. किनाऱ्यावरची अर्धी पोरं त्यांच्याच हातांत जन्मली. माझ्या डिकीत त्यांची मोठी पिशवी, बाळ तोलायचा काटा, प्राणवायूची नळकांडी, टॉवेलांचा गठ्ठा आणि चिखलाचे बूट असत. मी एखाद्या वळणावर दिसले की लोक म्हणत, "आली बघा! कुणाकडे तरी पाहुणा येतोय!" लहान मुलं माझ्यामागे धावत. कुणी खिडकीतून गरम तळलेला पाव आत द्यायचं, कुणी पोतंभर शिंपले डिकीत ठेवून जायचं. त्या वासाचीही मी कधी तक्रार केली नाही. माझी छाती अभिमानाने फुललेली असे.

आता माझ्या दुखण्याकडे येते. माझ्या पुढच्या चाकांना धरून ठेवणारे दोन लोखंडी हात असतात. त्यांना आर्म म्हणतात. आर्म माझ्या अंगाला जिथे जोडलेला असतो, तिथे जाड रबराचे बुश असतात. तो चाकाला जिथे धरतो, तिथे वाटीत फिरणारा गोल सांधा असतो, तुमच्या खुब्यासारखा. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. रबर धड असतं तोवर खड्ड्याचा दणका ते स्वतः सोसतं. रबराला चिरा पडल्या की लोखंड लोखंडावर आपटतं आणि आवाज येतो. ठक्. ठक्.

माझ्या चाकातून असा आवाज यायला लागला. आधी मोठ्या खड्ड्यात, मग लहान खड्ड्यात, मग साध्या खडीवरही. ब्रेक दाबला की मी डावीकडे ओढू लागले. डावा टायर आतल्या बाजूने खाल्ला गेला. याहून मोठ्याने मी काय ओरडणार होते? बायकांच्या पोटाला कान लावून आतल्या बाळाचे ठोके ऐकणारी ही बाई, तिला माझ्या चाकातले ठोके ऐकू येऊ नयेत?

ऐकू येत होते हो. म्हणून तर राग आहे.

त्यांचा धाकटा भाऊ रेवी जंगलतोडीच्या कामावर होता. तोंडाचा फटकळ, मनाचा मोकळा, आणि आपल्याला सगळं येतं असं मानणारा. हेराइनाबाईंनी त्याला आवाज ऐकवला.

"ताई, जुनी गाडी आहे, कुरकुरणारच. तू नाही का पन्नाशीनंतर खुर्चीतून उठताना 'आई गं' करत?"

"माझं राहू दे. चाक निखळणार नाही ना?"

"छे! रेडिओ मोठा कर. नाहीच राहवलं तर मी तेल मारतो."

त्याने खरंच तेल मारलं. रबरावर! आवाज गेला आणि दोघेही खूश झाले. पण मित्रांनो, तेल प्यायलेलं रबर फुगतं, मऊ पडतं आणि सडतं. दुखणाऱ्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबावा आणि म्हणावं, बघा, आता कसा शांत पडलाय, तसं ते औषध होतं.

आवाज परत आला तेव्हा हेराइनाबाई मला शहरातल्या एका गॅरेजमध्ये घेऊन गेल्या. तिथल्या मालकाने मला वर उचललंसुद्धा नाही. हातात कॉफीचा पेला धरून त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि तोंडातल्या तोंडात यादी म्हटली. पुढचं सगळं बदला, मागचं सगळं बदला, स्टिअरिंगही बदला.

"एवढ्या खर्चात दुसरी गाडी येईल, बाई. ही भंगारात घाला."

"सगळंच गेलंय? बघितलंत तरी का खाली वाकून?"

"अशा गाड्या रोज बघतो मी."

रोज बघतो म्हणे! मला बघितलं नव्हतं त्याने. हेराइनाबाईंनी मला तिथून बाहेर काढलं. तेवढा खर्च त्यांना झेपणारा नव्हता आणि माझ्याशिवाय त्यांचं काम चालणारं नव्हतं. रस्त्याने त्यांनी रेवीला फोन केला, आणि तिथेच माझं नशीब फुटलं.

रेवीने भंगारातून माझ्याच जातीच्या एका मेलेल्या गाडीचा डावा आर्म काढून आणला. त्या बिचारीचं रबर माझ्याइतकंच चिरलेलं होतं आणि सांध्यावरची टोपी फाटून आत माती गेली होती. रेवीने वरून काळा रंग फासला. फक्त डाव्या बाजूला तो आर्म बसवला, उजवीकडे बघितलंही नाही. चाक हवेत लोंबकळत असतानाच सगळे नट करकचून आवळले, हात झटकले आणि म्हणाला, "घे, नवीकोरी झाली तुझी म्हातारी."

थोडे दिवस बरे गेले. मग ठक्. ठक्. या वेळी मात्र हेराइनाबाईंनीच रेडिओ मोठा केला.

त्यानंतर एका दुपारी वरच्या खोऱ्यातून एरुआजोबांचा फोन आला. आजोबा मेंढपाळ. त्यांची सून मारामा पोटुशी होती आणि तिचे दिवस अजून भरायचे होते. मुलगा मासेमारीच्या बोटीवर, दूर समुद्रात.

"हेराइना, पोरीला कळा सुरू झाल्यात. थांबतच नाहीयेत. ढग इतके खाली आलेत की हेलिकॉप्टर येणार नाही म्हणतात. तू ये."

"निघाले. पाणी तापवा, आणि तिला एकटं सोडू नका."

आम्ही निघालो. घाटात समोरून ओंडक्यांचा ट्रक आला. हेराइनाबाईंनी ब्रेक दाबला तशी मी ओढली गेले, ती थेट दरीच्या बाजूला. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग खेचलं. कठड्याला माझं अंग घासलं. ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. त्या मला शिव्या देत होत्या. मला! मी ओरडून ओरडून घसा बसवला होता, आणि शिव्या मला!

एरुआजोबांच्या घराआधी एक ओढा लागतो. आम्ही पाण्यातून पलीकडच्या काठावर चढत होतो. तेवढ्यात डाव्या बाजूचा तो भंगारातला सांधा वाटीतून निसटला. चाक आडवं झालं. मी एका गुडघ्यावर बसले आणि माझं नाक चिखलात गेलं. हाच सांधा घाटात निसटला असता तर ही कहाणी सांगायला मी उरले नसते, आणि त्याही उरल्या नसत्या.

हेराइनाबाई उतरल्या. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, चिखलाचे बूट चढवले, पिशवी खांद्यावर टाकली आणि टेकडी चढू लागल्या. मी ओढ्यात तशीच पडून राहिले.

पुढचं मी पाहिलं नाही. एरुआजोबा नंतर ज्याला त्याला सांगत, तेव्हा ऐकलं. सुईण पोचायच्या आधीच बाळ आलं होतं. आजोबांनी आयुष्यभर मेंढ्यांची कोकरं हातात झेलली, तशीच नातही झेलली. पण मारामाचा रक्तस्राव थांबेना. अंथरूण भिजलं, तिचे ओठ पांढरे पडले. पोरगी म्हणत होती, "बाबा, मला थंडी वाजतेय." त्याच वेळी चिखलाने माखलेल्या हेराइनाबाई दारातून आत आल्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, पोट दाबून धरलं आणि ढग उठून हेलिकॉप्टर येईपर्यंत हात काढला नाही. मारामा वाचली. पण तो टेकडी चढण्यात गेलेला वेळ, तो माझ्या सांध्याने खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी रेवी आला. आजोबांचा ट्रॅक्टर, साखळी आणि तो. मला ओढून त्यांनी लोकर कातरायच्या शेडमध्ये नेलं. हेराइनाबाई तिथे उभ्या होत्या. त्यांच्या अंगावर कालचेच कपडे होते.

"ताई, नशीब बलवत्तर म्हणून..." रेवीने सुरुवात केली.

"नशीब? तू रंग मारलास त्यावर! रंग!"

"मला वाटलं चालेल काही दिवस."

"मारामाला आणखी दोन मिनिटांचा उशीर चालला असता का? विचार जाऊन तिला. आणि मीही तशीच! आवाज ऐकत होते, तरी गाणी लावून बसले."

रेवी मान खाली घालून उभा राहिला. मित्रांनो, खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

"टाकून देऊ या मग हिला," तो शेवटी पुटपुटला.

"आणि मी बाळंतपणाला काय मेंढीवर बसून जाऊ?"

एरुआजोबा फिस्सकन हसले. मग लांबलचक पहार घेऊन आले आणि म्हणाले, "आधी बघू तरी, काय मेलंय आणि काय जिवंत आहे."

माझ्या सगळ्या आयुष्यात मला असं कुणी तपासलं नव्हतं. त्यांनी एकेका सांध्याला पहार लावून हलवून पाहिलं. मागचे सगळे बुश घट्ट होते. स्टिअरिंगही धड होतं. मेले होते ते फक्त पुढचे दोन आर्म, भंगारातला डावा आणि माझा उजवा. गॅरेजवाल्याची यादी कुठल्या कुठे गळून पडली.

हेराइनाबाईंनी सुटे भाग विकणाऱ्या दोन-चार ठिकाणी फोन फिरवले. एका दुकानातली बाई नीट बोलली. "नुसतं रबर घेऊ नका," ती म्हणाली. "जुनं काढून नवं दाबून बसवायला यंत्र लागतं, त्याची मजुरीच डोईजड होते. बुश आणि बॉल जॉइंट बसवलेले अख्खे आर्म मिळतात, ते घ्या. दोन्ही बाजूंचे एकदम. मूळ कंपनीचे नसले तरी चालतील, पण बरे घ्या, अगदी फुकटात मिळणारे नकोत."

काही दिवसांनी आर्म आले. जुने बोल्ट गंजून जागीच चिकटले होते. रेवी हातोडा घेऊन धावला, तसे आजोबा खेकसले, "दम धर! कळ लागल्याबरोबर ओढायला लागतोस का?" बोल्टांना गंज सोडवणारं तेल पाजून त्यांनी दिवसभर तसंच ठेवलं. रबराला त्या तेलाचा थेंबही लागू दिला नाही. दुसऱ्या दिवशी बोल्ट कण्हत कण्हत सुटले. मला नुसत्या जॅकवर न ठेवता अंगाखाली भक्कम स्टँड दिले होते. जुने आर्म निघाले, नवे चढले. रेवीने लांब दांड्याचा पाना घेतला.

"थांब!" हेराइनाबाई ओरडल्या. "बुशचे नट आत्ता फक्त अडकव. करकचून आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकल्यावर. त्या दुकानातल्या बाईने दोनदा बजावलंय."

"काय फरक पडतो?"

"चाक लोंबकळताना आवळलंस की रबर त्याच जागी पकडलं जातं. मग गाडी खाली उतरली की पिळलं जातं, आणि पिळून पिळून फाटतं. मागच्या वेळी तू तेच केलंस. मान पिळून झोपवलेलं बाळ रडणार नाही तर काय करील?"

रेवीने पाना खाली ठेवला. माझी चाकं आधी जाड फळ्यांवर टेकवली. मी माझ्या वजनाने उभी राहिले आणि मगच त्याने आडवं होऊन, घाम गाळत, एकेक नट आवळला. घरातून मारामा आली, नुकतीच दवाखान्यातून परतलेली. अजून पांढरीफटक, बाळ छातीशी. तिने रेवीकडे पाहिलं. तो माझ्याखालून बाहेर येईना.

"बाहेर ये, खाणार नाही मी तुला," ती म्हणाली. "आजोबांनी डुकराची हाडं आणि पालेभाजी शिजवलीय. निवून जाईल."

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा काळा झाला होता, आणि ते सगळं काही ग्रीस नव्हतं.

मग चाकांची रेषा जुळवायला मला हळूहळू चालवत शहरात नेलं, त्याच कॉफीवाल्या मालकाकडे. या वेळी त्याला मला वर उचलावंच लागलं. तो माझ्याखाली बराच वेळ उभा होता.

"कुणी बसवले हे?"

"आम्हीच," हेराइनाबाई म्हणाल्या. "खाली वाकून."

तरीही मित्रांनो, माझा राग गेला नव्हता. लोक म्हणत, "बघा, कशी मऊ चालते आता!" आणि मी मनात म्हणे, ही चाल मला आधी का दिली नाही? एका पोरीचं एवढं रक्त जाईपर्यंत कशाची वाट पाहिलीत?

मग परवाची गोष्ट. किनाऱ्यावर झोडपून पाऊस पडत होता. आम्ही एका पहिलटकरणीकडे निघालो होतो आणि पोचायला भरपूर वेळ होता. मागून ट्रक येत होते. माझ्या उजव्या चाकाकडून एक बारीकशी किरकिर सुरू झाली. इतकी बारीक की मीच तिकडे लक्ष दिलं नव्हतं. हेराइनाबाईंनी मला लगेच कडेला घेतलं. त्या उतरल्या आणि त्या भर पावसात, रस्त्याच्या खडीवर चक्क पोटावर आडव्या झाल्या. गाल चिखलाला टेकवून त्यांनी माझ्याखाली पाहिलं, हात घालून दोन्ही सांधे चाचपले. ब्रेकच्या पत्र्यात एक खडा अडकला होता. त्यांनी तो काढला आणि समुद्रात भिरकावला. मग ओला हात माझ्या बॉनेटवर ठेवून म्हणाल्या, "काही नाही गं. चल."

आजवर कुणी मला 'गं' म्हटलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल, एखादं जुनं माणूस असेल. ती कुरकुरली, की तिला गप्प करू नका, आणि तिला फेकायचीही घाई करू नका. सगळंच मेलेलं नसतं. बहुतेक वेळा एखादाच सांधा दुखत असतो. कपडे मळतील, मळू देत. खाली वाका आणि बघा.