फुलायला नाही म्हणणारा

मी कोबीच्या रोपातला एक जनुक. पेशी हल्ली माझं ऐकत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतोय. माझं काम एकच, रोपाला फुलू द्यायचं नाही. आणि ते मी इमानेइतबारे केलं, उगाच नावं ठेवू नका.

माझं घर म्हणजे एक लांबलचक धागा, प्रथिनांच्या बारक्या रिळांवर गुंडाळलेला. गुंडाळी सैल असली की पेशी मला वाचते. घट्ट आवळली की माझं एक अक्षरही बदलत नाही, पण वाचणार कोण? हे आवळणं थंडीमुळे होतं आणि सावकाश होतं. आज या पेशीत माझं तोंड बंद, उद्या त्या पेशीत. सगळीकडे गप्प व्हायला आठ आठवडे लागतात.

आमचं वाण जुनं. डब्यातल्या शेवटच्या बियांतून तीनच रोपं उगवली. ती फुलली नाहीत तर वाणच संपलं. म्हणून संशोधक ताईंनी आम्हाला शीतखोलीत ठेवलं आणि त्या महिनाभर परगावी गेल्या. पाणी घालायला माळीकाका होते, भारी मायाळू माणूस. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आमची पानं चाचपली. "गारठली की माझी लेकरं," म्हणाले आणि तिन्ही कुंड्या उबदार खिडकीत नेऊन ठेवल्या.

झालं, माझं फावलं. अर्धवट आवळलेली गुंडाळी पुन्हा सैलावली. पानं तरारली. काका खूश आणि खोटं कशाला बोलू, मीही खूश.

ताई परतल्या आणि खिडकीतल्या कुंड्या बघून खुर्चीत मटकन बसल्या.

"काका, थंडी हवीच असते हो त्यांना. त्याशिवाय फुलत नाहीत."

"मला वाटलं, मरतील."

"आता बी न धरताच मरतील."

कुंड्या काकांनीच उचलून परत शीतखोलीत नेल्या. मग पुन्हा पहिल्यापासून आठ आठवडे. काका रोज स्वेटर, कानटोपी चढवून तासभर आमच्याजवळ बसायचे.

"अहो, आजारी पडाल," ताई म्हणायच्या.

"यांनी एकट्यांनीच का कुडकुडायचं?"

त्यांचं लाल झालेलं नाक बघून मला वाईट वाटायचं. आणि इकडे मी एकेका पेशीत गप्प होत गेलो.

आज तिन्ही रोपं पिवळ्या फुलांनी लगडलीत. काका बारीक ब्रशने या झाडाचे परागकण त्या झाडाला लावतायत, श्वास रोखून. शेंगाही धरू लागल्यात.

त्यातल्या बियांत माझी गुंडाळी पुन्हा सैल होईल. थंडीची आठवण पुसली जाईल, मग काकांची कुठली राहायला? म्हणून आत्ताच सांगून टाकतो. काका, तुम्ही मला हरवलंत. आणि हरून मला इतकं बरं वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं.