माझ्या डरकाळीखाली दबलेली टिकटिक

"डॅड, तुझी गाडी पळते, की नुसतीच बोंबलते?"

हा प्रश्न मार्नीच्या डोक्यातला नव्हता हं! मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, "हिंमत असेल तर विचारून दाखव, तेही त्याच्या सगळ्या दोस्तांसमोर!" एरवी वर्गात हात वर करायलाही लाजणाऱ्या या पोरीने रविवारी गॅरेजच्या दारात तो विचारून टाकला. दोस्त पोट धरून हसले. तिचे वडील, ड्वेन झिलिन्स्की, कानापर्यंत लाल झाले. आणि पुढच्याच आठवड्यात जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून ते मला घरी घेऊन आले.

मित्रांनो, मी एक जुनी हवानळी आहे, इंजिनात जास्त हवा नेऊन गाडीचा वेग वाढवणारी. दुधी भोपळ्याएवढी जाड, चकचकीत, ॲल्युमिनियमची. मिशिगनमधल्या एका छोट्या कारखान्यात मला वाकवणाऱ्या बाईने माझ्यावरून हात फिरवून "झकास!" म्हटलं होतं. त्यानंतर तीन वर्षं मी एका दुसऱ्या गाडीत सुखाने राबले. मला कसं बसवायचं हे सांगणारा कागद मात्र तिथेच हरवला. सगळं दुर्दैव तिथून सुरू झालं.

झिलिन्स्कींच्या गाडीचं इंजिन आठ सिलिंडरचं, झडपा उघडणारा कॅम-दांडा माथ्यावर असलेलं, नव्या धाटणीचं. अशा इंजिनाला स्वतःचा कॉम्प्युटर असतो. आत येणारी हवा मोजायची आणि तेवढ्यापुरतं पेट्रोल द्यायचं, हे त्याचं काम. मी मूळच्या नळीपेक्षा रुंद. माझ्यातून हवा जाते जास्त, पण कॉम्प्युटरला वाटते कमी, मग तो पेट्रोलही कमी देतो. म्हणून मला बसवलं की त्या कॉम्प्युटरला नवं माप शिकवावंच लागतं.

ड्वेननी ते शिकवलं नाही. "लॅपटॉपवाल्या पोरांकडे मी कशाला जाऊ? माझ्या बापाने जन्मभर कानाने इंजिनं लावली. मीही कानानेच लावणार!"

त्यांनी कान लावला आणि ऐकली ती माझी डरकाळी.

काय डरकाळी होती म्हणून सांगू! पेट्रोल पंपावर माणसं माना वळवून बघायची. मैत्रिणी किंचाळायच्या, "मार्नी, अजून एकदा! दाब ना गं!" मार्नी शाळेत ताठ मानेने चालू लागली. शर्यतीच्या सरळ धावपट्टीवर डॅडची गाडी पळवायला तिचं नावही नोंदवलं गेलं. शनिवार, पाव मैल, आयुष्यातली पहिली शर्यत!

आणि मला मात्र पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. टिक. टिक-टिक. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसं. पेट्रोल कमी पडून सिलिंडर भाजत होते, आतलं पेट्रोल भलत्याच क्षणी पेट घेत होतं. तो आवाज बुडवत कोण होतं? मी! ज्या डरकाळीसाठी माझे लाड होत होते, तीच इंजिनाचा आक्रोश झाकत होती. मी काय करणार? मला ना हात, ना तोंड. मला इंजिनाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या सैल व्हाव्यात म्हणून मी जिवाच्या आकांताने थरथरायचे, आणि मार्नी प्रेमाने त्या पुन्हा आवळायची. शनिवारी तिने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पिस्टन वितळणार, गाडी कायमची संपणार! अगं, मला काढ! कोणीतरी मला काढा!

शुक्रवारी शाळेच्या वर्कशॉपमध्ये सरांनी सांगितलं, शर्यतीआधी स्पार्क प्लग काढून बघत जा. घरी येऊन मार्नीने पहिला प्लग काढला. टोक फिक्या कॉफीच्या रंगाचं हवं, ते खडूसारखं पांढरंफटक होतं. वर बारीक चंदेरी ठिपके. ते ठिपके वितळू लागलेल्या पिस्टनचे होते. तिने दुसरा काढला, मग तिसरा. आठही काढले; सगळे तसेच.

"एखादा प्लग खराब निघतो गं," ड्वेन म्हणाले.

"आठच्या आठ, डॅड?"

"आवाज ऐक की! कसा ठणठणीत आहे!"

"आवाजच तर ऐकत बसलो आपण."

दारातून तिची आई, लोरेन, म्हणाली, "ड्वेन, पोरगी काहीतरी दाखवतेय. बघ तरी."

"उद्या अख्खी गल्ली येणार आहे, लोरेन! काय सांगू त्यांना? प्लगचा रंग बघून पोरगी घाबरली?"

मित्रांनो, यंत्राला काही नवं जोडायचं तर खुशाल जोडा. पण त्याला ते पेलतंय का, हे आधी तपासा. यंत्र बोलत नाही, खुणा करतं. त्या बघायला मोठ्या आवाजातून क्षणभर बाहेर यावं लागतं. एवढी कळकळीची विनंती ऐका. कोणीतरी त्या बघेल म्हणून मी फार वाट पाहिली आहे.

मार्नीने आठही प्लग वडिलांसमोर ओळीने मांडले. त्यांनी एक उचलून दिव्याखाली धरला.

"मॉम, डॅड, उद्या मी शर्यतीला उभी राहणार नाही," ती म्हणाली. "गल्लीला मी स्वतः सांगेन. हसले तर हसू देत. ही नळी मी आत्ता काढतेय."