भरलेला तक्ता

निळ्या बॉलपेनची टिक, खाली बारीक, वर जाताना लांबलेली. व्यायामाच्या तक्त्यावरच्या साऱ्याच खुणा एका उंचीच्या, एका हाताच्या. रंजनाला वाटलं, कुणीतरी मानेमागे येऊन उभं राहिलंय. दहा दिवस, रोज आठ वेळा, एकही चौकोन रिकामा नाही. असा तक्ता तिनं एकदाच पाहिला होता... स्वतःच्या घरी, फ्रिजवर, आईनं भरलेला.

"या खुणा कोण करतं?"

"मीच, ताई." सुषमा ओट्यापाशी कणीक मळत होती. "आठूनच, वट्यावरूनच इचारस, बा, व्यायाम कया का? ते म्हनतस, हाव. मी टिक मारस. मना सासरा कधी नही म्हनतच नही, शाळेना पोऱ्यासारखा!"

तिचे सासरे, चिंधाबाबा, खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. चाळीस वर्षं सुरतेजवळ उधन्याच्या लूमखात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात उभं राहिलेला माणूस. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, तेव्हा फिजिओथेरपिस्ट म्हणून येणाऱ्या रंजनानं पहिल्यांदा शिकवलेला व्यायाम सगळ्यात सोपा होता – तळपाय खाली, तळपाय वर, दर दोन तासांनी वीसदा. पोटरीतलं रक्त वाहतं राहावं, एवढंच. ते साकळलं तर गाठ होते, आणि गाठ सुटून फुप्फुसात गेली तर... अण्णांनाही तिनं हे सांगितलं होतं. वडील म्हणून नव्हे, रुग्ण म्हणून, अगदी नीट. तेही लूमवालेच. त्यांचाही खुबाच.

तिनं मोजपट्टी काढली. डावी पोटरी एकतीस सेंटिमीटर. उजवी – तिनं पुन्हा लावली – साडेचौतीस. कातडी ताणलेली, चकाकणारी, हाताला गरम.

"सकायपासून दुखी ऱ्हायनं म्हने. मी तेल चोयी दिधं—"

"चोळू नकोस!" आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "एकशे आठला फोन लाव. आत्ता."

सुषमा पिठाच्या हातानंच मोबाइल घेऊन गॅलरीत धावली. रंजना खुर्चीमागे उभी राहिली, बाबांच्या खांद्यांवर हात ठेवून.

"बाबा, पाय हलवत होतात ना?"

"हाव." मान हलली.

मग तिच्या तोंडून निघालं – का, ते तिलाही कळलं नाही – "बाबा, तापी आटली म्हणे आज?"

"हाव." तीच मान. तेवढीच.

खात्यात मागांच्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. समोर असेल त्याचे ओठ वाचतात, हातानं खुणा करतात, आणि मुकादम पाठीमागून काही बोललाय असं वाटलं की मान हलवून मोकळे होतात. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. घरी सगळेच समोर येऊन मोठ्यानं बोलायचे, म्हणून अण्णांचे कान किती गेलेत ते कधी दिसलंच नाही... आणि तिनं, शिकलेल्या मुलीनं, त्यांचा एकेक सांधा अंशांत मोजला होता. आई मात्र ओट्यावरून, त्यांच्या पाठीमागूनच विचारायची. आई टिक करायची.

ऑपरेशननंतर अठराव्या दिवशी ती अण्णांच्या पाठीमागे उभी राहून उशी लावत होती. पाय तसेच, निश्चल. ती चिडली – मरायचंय का तुम्हाला? – आणि अण्णांनी शांतपणे मान हलवली. हाव. दुसऱ्या दिवशी गाठ फुप्फुसात जाऊन ते गेले.

सात महिने तिनं ते उत्तर जवळ बाळगलं होतं. त्यावर रागावता येई. जगायचंच नव्हतं माणसाला, आपण काय करणार... दुःखात टेकायला तेवढी एक जागा होती.

ती पुढे आली, खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. तळहात जमिनीकडे करून खूण केली – हलू नका. बाबांना लगेच कळलं. पाय स्थिर ठेवून ते तिच्या ओठांकडे बघत राहिले, ती आता काय सांगेल याची वाट बघत. अण्णाही असेच बघायचे, ती जेवण वाढताना, चप्पल घालताना, दारातून निघताना. तिला ती माया वाटायची.

गॅलरीतून सुषमा फोनवर पत्ता सांगत होती. मरायचंय का, हे रंजनानं पाठीमागून विचारलं होतं; अण्णांना ते ऐकूच आलं नव्हतं. अण्णांना जगायचं होतं – सात महिन्यांत आज पहिल्यांदाच त्यांना जगायचं होतं – आणि तिला कुठे टेकावं ते कळेना.